उंटकटारा की काटेचेंडू? काटेरी गोळ्यांच्या दोन भावंडांची ओळख कशी पटवावी

ऑक्टोबरात गवत सोनेरी व्हायला लागलं की गडांच्या वाटांवर एक पांढुरका काटेरी गोळा दिसू लागतो. ट्रेकला निघालेले लोक थांबतात, फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकून विचारतात, ‘हे काय?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘उंटकटारा.’ कुणी जाणकार लगेच त्याखाली ‘एकिनॉप्स एकिनॅटस’ असंही चिकटवतो. गडाच्या माथ्यावरच्या फोटोला मिळालेलं हे उत्तर पुष्कळदा चुकतं, कारण आपल्याकडे असे गोळे धरणारी दोन वेगळी झाडं आहेत. एक दख्खनच्या कोरड्या माळावरचं, दुसरं सह्याद्रीच्या डोंगरावरचं. त्यांच्यात फरक करायला प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी, भिंग आणि थोडा धीर एवढं पुरतं.

नावांचा गुंता आधी सोडवून घेऊ. माळावरच्या झाडाला मराठीत उंटकटारा किंवा काटेचुंबक म्हणतात. संस्कृतात ते उत्कंटक. उंट ते मिटक्या मारत खातो, म्हणून उंटकटारा. शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनॅटस. ‘एकिनॉप्स’ म्हणजे काटेरी पाठीच्या जाहकासारखा दिसणारा आणि ‘एकिनॅटस’ म्हणजेही काटेरीच, म्हणजे ओळख करून देताना काटे दोनदा मोजले! हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलं. त्यांच्या ग्रंथाच्या १८३२च्या आवृत्तीत ते छापलं गेलं, तोवर रॉक्सबर्ग हयात नव्हते.

दुसरं झाड एकिनॉप्स सह्याद्रिकस. नावातच डोंगर आहे. ते दिलं गेलं रॉक्सबर्गनंतर पुष्कळ काळाने. म्हणून १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात हे नाव शोधू नका. जुनी यादी उघडून ‘आपल्या भागात एकच एकिनॉप्स आहे’ असं ठामपणे सांगणारे लोक मला भेटलेत. त्यांचं पुस्तक खोटं नाही, ते फक्त जुनं आहे. सोयीसाठी या लेखात मी माळावरच्याला उंटकटारा आणि डोंगरावरच्याला काटेचेंडू म्हणेन. गावात ही नावं अशीच चालतील या भरवशावर राहू नका. गडाच्या पायथ्याला गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं होतं, ‘मामा, याला तुमच्यात काय म्हणतात?’ ते म्हणाले, ‘काट्याचं झाड. दुसरं काय म्हणायचं त्याला?’

निघण्यापूर्वी

पिशवीत १५ सेंटिमीटरची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान चिमटा, वही, शिसपेन्सिल आणि चामड्याचा एखादा जाड हातमोजा असू द्या. लोकरी मोजा आणू नका. काटे त्यात अडकतात आणि घरी आल्यावर एकेक उपटत बसावं लागतं. दिवस निवडायचा तो ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. जानेवारीतही झाडं उभी असतात, पण त्या वेळी मोजमाप कसं फसवतं ते पुढे सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे.

पहिली पायरी: हा गोळा एकिनॉप्सचाच आहे का?

गोल आणि काटेरी दिसलं की लगेच एकिनॉप्स म्हणू नये. सगळ्यात जास्त फसवते ती दीपमाळ. वाळलेल्या दीपमाळेचे गोळे काटेरी आणि तपकिरी असतात, लांबून अगदी तसेच भासतात. जवळ जाऊन पाहा: दीपमाळेची दांडी गोळ्याच्या आरपार जाते आणि एकावर एक दोन-तीन गोळे ओवल्यासारखे दिसतात. दांडी चौकोनी असते, ताजी फुलं नारिंगी. एकिनॉप्सचा गोळा मात्र दांडीच्या टोकावर बसतो, वर काही नाही.

भाताच्या खाचरात गोरखमुंडीचे जांभळे गोळे दिसतात. तेही सूर्यफुलाच्याच कुळातले, पण लहान, मऊ आणि बिनकाट्यांचे. कासच्या पठारावरचे गेंद तर नखाएवढे, त्यांच्याशी गल्लत व्हायचं कारणच नाही.

पानं पाहून होणारी गफलत वेगळी. काटेरी, कातरलेली, करड्या छटेची पानं पिवळ्या धोतऱ्यालाही असतात, आणि फुलं नसताना भले भले चकतात. त्याचं पान मोडा. पिवळा चीक आला तर तो पिवळा धोतरा, मेक्सिकोहून येऊन इथे रुजलेला, खसखशीच्या कुळातला. एकिनॉप्सच्या पानातून पिवळा चीक येत नाही. ही तपासणी हसण्यावारी नेऊ नका. धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि त्याचं तेल विषारी असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या त्याच्या भेसळीमुळे साठाहून अधिक माणसं दगावली होती.

आणि ब्रह्मदंडी? हे नाव महाराष्ट्रात ट्रायकोलेपिस या जांभळ्या फुलांच्या झाडाला लावतात, कुठे उंटकटाऱ्याला, तर कुठे चक्क पिवळ्या धोतऱ्याला. ट्रायकोलेपिस आपल्या दोन्ही एकिनॉप्सचा खरा नातेवाईक आहे, करडईसारखाच, पण त्याची फुलं गोळ्यात नसतात. जडीबुटीच्या दुकानात ‘ब्रह्मदंडी’ म्हणून पुडीत काय मिळेल ते नावावरून सांगता येत नाही. त्यामुळे या लेखाच्या आधारावर कुणी मूळ उकळून पिऊ नये, ही हात जोडून विनंती.

दुसरी पायरी: उभे आहात तिथली जमीन बघा

लोक इथे झाडाकडे धावतात. मी आधी आजूबाजूला पाहतो. उंटकटारा कोरड्या, उघड्या जागेचा रहिवासी. मराठवाडा, सोलापूर, खानदेश, पडीक शेतं, बांध, रस्त्याच्या कडा, मुरमाड माळ. दगडखाणीच्या काठावरही तो मजेत उभा असतो. कमी पावसाचं त्याला काही वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर राजस्थानपासून पाकिस्तान-अफगाणिस्तानापर्यंत त्याचा वावर आहे.

काटेचेंडूला डोंगर लागतो. सह्याद्रीचे उतार, गडांचे माथे आणि माच्या, पावसाळ्यात धुक्यात बुडणारी आणि दिवाळीनंतर वाळणारी गवताळ जागा. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच. अशा उंचीवरच्या माथ्यावर, कारवीच्या कडेला किंवा तटबंदीच्या पडझडीत मनगटाएवढा दिसणारा पांढरा गोळा भेटला, तर मी मनात आधी काटेचेंडूच म्हणतो.

पण जागा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. पुणे, सातारा, नाशिकच्या पूर्वेकडे डोंगररांगा हळूहळू माळात उतरतात, तिथे दोन्ही झाडं एकाच दिवसात भेटू शकतात: खाली एसटीच्या थांब्याजवळ एक, वर माचीवर दुसरं. अशा पट्ट्यात जागेवर विसंबून नाव लिहिलं की फसलात. तिथे पुढच्या पायऱ्या वगळू नका.

तिसरी पायरी: चार पावलं मागे सरका

गोळ्यावर डोळे खिळवण्याआधी अख्खं झाड पाहा. उंटकटारा सहसा गुडघा ते मांडीपर्यंतचा, फार तर मीटरभर. बुडापासूनच फांद्या फुटून पसरलेला, एका झाडावर बरेच लहान गोळे. कोळ्याचं जाळं अंगावर ओढल्यासारखा पांढुरका दिसतो. काटेचेंडू अंगापिंडाने भरलेला. खोड जाड, त्यावर उभ्या रेघा, उंची कंबरेपर्यंत, चांगल्या जागी त्याहूनही वर. गोळे मोजके, पण ठसठशीत. आडदांड थोरला भाऊ आणि काटक धाकटा, असं समजा.

गुरांनी खुडलेल्या किंवा पायवाटेवर तुडवल्या गेलेल्या झाडावर हा फरक पुसला जातो. खुडलेला काटेचेंडू खालून फांद्या फोडून उंटकटाऱ्यासारखा पसरतो. म्हणून निदान चार-पाच झाडं पाहिल्याशिवाय उंची वहीत लिहू नये.

चौथी पायरी: पान

पान उलटा. खालून पांढरं, लोकरी. झालं, सापडली खूण! नाही. दोघांचंही पान खालून पांढरंच असतं. ही खूण दोघांना पिवळ्या धोतऱ्यापासून वेगळं करते, एकमेकांपासून नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं ‘पान खालून पांढरं, म्हणून उंटकटारा’ असं लिहीत होतो. त्या नोंदींचा आज काही उपयोग नाही.

कामाची गोष्ट आहे लांबी. उंटकटाऱ्याचं पान साधारण ७ ते १२ सेंटिमीटर, खोल कातरलेलं, देठाविना थेट खोडाला चिकटलेलं. त्याच्या कातऱ्यांच्या टोकांचे काटे पानाच्या मानाने भलतेच लांब, दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत जातात. काटेचेंडूची तळची पानं मोठी आणि रुंद, वीतभर सहज भरतात. तळची म्हणतोय हे लक्षात घ्या, कारण खोडावर जसजसं वर जावं तसतशी दोघांचीही पानं लहान होत जातात आणि गोळ्याखालचं शेवटचं पान पाहून काहीच ठरत नाही. फुलोऱ्याच्या वेळेपर्यंत तळची पानं सुकून गेली असतील तर खाली वाकून त्यांचे वाळके अवशेष शोधा. लांबी त्यातही कळते.

पाचवी पायरी: गोळा मोजणे, आणि नीट मोजणे

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

उंटकटाऱ्याचा गोळा ३ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा. काटेचेंडूचा ५ ते ९. पट्टी नसेल तर टेबल टेनिसचा चेंडू आठवा, तो ४ सेंटिमीटरचा असतो. लॉन टेनिसचा साडेसहाच्या पुढे. पहिल्यासारखा गोळा उंटकटाऱ्याचा, दुसऱ्यासारखा काटेचेंडूचा. खिशातलं दहा रुपयांचं नाणंही चालतं. ते २७ मिलिमीटरचं असतं, गोळ्याशेजारी धरून फोटो काढला की घरी निवांत हिशेब करता येतो. मात्र नाणं आणि गोळा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. नाणं बोटभर पुढे धरलं की गोळा लहान दिसतो.

आता फसगतीच्या जागा. एक, बाजूच्या फांदीवरचा गोळा मुख्य खोडाच्या टोकावरच्या गोळ्यापेक्षा लहान असतो. मोजायचा तो मुख्य. दोन, न उमललेला हिरवट गोळा अजून वाढायचा असतो. गोळ्यातली अर्धी-अधिक फुलं उमललेली असतील तेव्हाच माप घ्या. तीन, काटे धरून मोजायचं की सोडून? दोन माणसं दोन पद्धतीने मोजतात आणि मग एकाच झाडाचे दोन व्यास निघतात. मी फुलांच्या टोकापासून समोरच्या फुलांच्या टोकापर्यंत मोजतो आणि बाहेर आलेल्या काट्यांची लांबी वेगळी लिहितो. तुम्ही दुसरी रीत वापरली तरी हरकत नाही, फक्त कुठली वापरली ते वहीत असू द्या.

चौथी जागा माझ्या पदरची. काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या शेवटी एका गडावर वाळलेला गोळा मोजला, जेमतेम ४ सेंटिमीटर भरला. मोठ्या ऐटीत ‘उंटकटारा, उंचीवरची नोंद’ असं लिहिलं आणि चार जणांना सांगितलंही. पुढच्या ऑक्टोबरात त्याच दगडापाशी गेलो तर झाडावर ७ सेंटिमीटरचे गोळे डोलत होते. झालं असं होतं की हा गोळा पिकला की एकसंध गळत नाही. त्यातली फुलं आपापल्या काटेरी आवरणासकट सुटी होऊन झडतात, गुरांच्या अंगाला आणि आपल्या विजारींना चिकटून प्रवासाला निघतात. मागे उरतो तो आतला गाभा. मी झाडाचा गोळा मोजलाच नव्हता, उरलेला गाभा मोजला होता.

काट्यांबद्दलही दोन शब्द. उंटकटाऱ्याच्या गोळ्यातून काही काटे बाकीच्यांपेक्षा ठळकपणे लांब, शिंगांसारखे बाहेर आलेले दिसतात. लहान गोळा आणि त्यातून निघालेली लांब शिंगं, अशी त्याची एकंदर छबी. काटेचेंडूचा गोळा मोठा आणि भरगच्च असल्यामुळे नजर आधी त्याच्या गोलाईवर जाते. पण नुसत्या काट्यांवरून नाव ठरवू नये, असं माझं मत. झाडागणिक त्यात फरक पडतो.

सहावी पायरी: एक फूल सोडवून बघा

ओळखीसाठी ही पायरी टाळली तरी चालेल, पण या झाडाची खरी गंमत इथेच आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचं ‘फूल’ म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो आणि त्या सगळ्या गुच्छाभोवती हिरव्या छदांचं, म्हणजे फुलाखालच्या लहान पानांचं, एकच आवरण असतं. एकिनॉप्सने उलटा कारभार केलाय. इथे प्रत्येक लहान फुलाला स्वतःचं वेगळं आवरण आहे आणि अशी कित्येक एकटी फुलं मिळून गोळा होतो. झेंडूला वाडा म्हटलं तर हा एक-एक खोलीची घरं असलेला गाव.

चिमट्याने गोळ्यातला एक अंश ओढून काढा. अभयारण्याबाहेर असाल आणि झाडं भरपूर असतील तरच. हरिश्चंद्रगड-कळसूबाईसारख्या संरक्षित भागात काही तोडायचं नाही. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, शिवाय खाली गळून पडलेले अंश सापडतातच. भिंगाखाली तळाशी पांढऱ्या केसांचा कुंचला दिसेल, त्यावर टोकदार छदांची वर्तुळं, आणि मधून निघालेली पांढरी नळी, पाच अरुंद पाकळ्यांत फाटलेली. दोन्ही जातींत मांडणी हीच.

एक निरीक्षण मात्र दोघांच्याही गोळ्यावर जरूर करा. सूर्यफूल कडेकडून मध्याकडे उमलतं. हा गोळा माथ्यापासून खाली उमलत येतो. त्यामुळे अर्धवट फुललेला गोळा पांढरी टोपी घातल्यासारखा दिसतो. ही टोपी किती खाली आली आहे त्यावरून मापाची वेळ झाली की नाही हे लगेच कळतं: निम्म्याच्या खाली उतरली असेल तर पट्टी काढा. या वेळी गोळ्यावर मधमाश्या आणि फुलपाखरांची इतकी वर्दळ असते की आधी त्यांना वाट द्यावी लागते.

सातवी पायरी: फोटो असे काढा की दुसऱ्यालाही ओळखता येईल

मला आलेल्या फोटोंपैकी बहुतेकांत एकच गोळा असतो, मागे धूसर सूर्यास्त. सुंदर असतो, पण त्यावरून जात सांगता येत नाही. निदान पाच फोटो हवेत: पूर्ण झाड, शेजारी माणूस किंवा काठी उभी करून, तळचं पान वरून, पट्टीसह, तेच पान खालून, मुख्य गोळा बाजूने, पट्टी किंवा नाण्यासह, आणि परिसर, म्हणजे माळ आहे की कडा हे कळेल असा. गोळा वरून काढू नका, वरून काट्यांची लांबी समजत नाही. दुपारच्या उन्हात पांढरा रंग जळून जातो, त्यापेक्षा सकाळी काढा किंवा गोळ्यावर स्वतःची सावली पाडा.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर फोटो ओळखणारं यंत्र पहिल्यांदा काय सुचवतं त्यावर डोळे मिटून शिक्का मारू नका. माप आणि उंची लिहा आणि मग नाव द्या. खात्री नसेल तर नुसतं ‘एकिनॉप्स’ लिहून थांबलेलं चालतं. चुकीची नोंद पुसायला जड जाते, अपुरी नोंद पुढे भरता येते.

वहीत काय लिहायचं

तारीख, गाव किंवा गडाचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन कशी आहे, झाडाची उंची, तळच्या पानाची लांबी, मुख्य गोळ्याचा व्यास आणि तो किती उमललाय, बाहेर आलेल्या सर्वांत लांब काट्याची लांबी. शेवटी आजूबाजूला अशी किती झाडं आहेत ते. नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी नाव लिहिलं की मापं त्या नावाच्या बाजूने झुकायला लागतात, हे मी स्वतःच्या वहीत पाहिलंय.

जमीन, झाडाचा बांधा, तळचं पान आणि मुख्य गोळा, या चारपैकी तीन खुणा एका बाजूला असतील तर मी नाव लिहितो. दोन-दोन अशी बरोबरी झाली, म्हणजे गोळा नेमका ५ सेंटिमीटर आणि जागा डोंगराच्या पायथ्याची, तर त्याच जागी पुढच्या आठवड्यात परत जातो. गोळ्यावरची टोपी तोवर खाली उतरलेली असते आणि बहुतेक वेळा गोळा एखाद सेंटिमीटर वाढलेला सापडतो.

परतताना विजारीचे पाय झटकून घ्या. माळावरच्या झाडाचे अंश बुटांच्या नाडीत घेऊन गड चढलात, तर पुढच्या वर्षी मलाच कुणीतरी विचारेल, ‘उंटकटारा एवढ्या वर कसा आला हो?’